पेटीफर्ड अँड डॉटरच्या चार पाट्या

नाव : लव्हॉन पेटीफर्ड. वय : ५७ वर्षे. धंदा : डंपरने माती व खडीची वाहतूक, 'पेटीफर्ड अँड डॉटर' या कंपनीची मालक. राहणार : नेब्रास्का अव्हेन्यू, टोलेडो, ओहायो. जबाबाची तारीख : २९ सप्टेंबर २०१४, सोमवार. सुरुवात : सकाळी ९ वाजून २० मिनिटे.

मी आज कोणी न बोलावता चौकीत आले आहे. सार्जंट ग्राबोव्स्की विचारत आहेत आणि टाइप करत आहेत. त्यांच्यासमोर बसून मी खरे तेच सांगते, ते असे की, सोमवार १५ सप्टेंबर रोजी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी माझ्या आवारात गेले असता दोन्ही डंपरच्या दारांवरच्या मिळून चार लोहचुंबकी पाट्या कोणी अज्ञात इसमाने चोरून नेल्याचे मला दिसले. याबद्दल माझी तक्रार आहे.

पाट्यांचे वर्णन विचारले म्हणून सांगते. प्रत्येक पाटी दीड फूट बाय दोन फूट, पांढरी, त्यावर निळ्या अक्षरांत कंपनीचे नाव, खाली परवान्याचा नंबर. चारपैकी एका पाटीचा खालचा डावा कोपरा टवका उडून खराब झाला होता, तिथे मी नखांना लावायचे जांभळे पॉलिश लावले आहे. हे हसण्यासारखे आहे असे सार्जंटसाहेबांना वाटले. रंगाचा डबा आणायला वेळ नव्हता आणि पर्समध्ये पॉलिश होते, एवढेच त्याचे कारण आहे.

पाट्या चुंबकाच्या का, हेही विचारले. माझा एक डंपर स्वतःचा आहे, दुसरा करारावर घेतलेला आहे. दुसऱ्याचा डंपर करारावर घेतला की तो आपल्या कामावर असेपर्यंत त्याच्या दारावर आपले नाव लावावे लागते. आज एकाचे काम, उद्या दुसऱ्याचे, म्हणून या धंद्यात सगळेच चुंबकाच्या पाट्या वापरतात. पाटी काढताना किंवा चिकटवताना कोणी दिसला तर आमच्यापैकी कोणी मान वळवूनही बघत नाही. ज्याने कोणी हे केले त्याला ही सवय चांगली माहीत होती.

आवारातून दुसरे काहीही गेले नाही. डिझेलचे चार डबे, दोन नव्या बॅटऱ्या, साखळदंड, ताडपत्री, सगळे जागच्या जागी होते. फाटकाचे कुलूप तोडलेले नव्हते, उघडून पुन्हा नीट लावलेले होते. चोर इतका व्यवस्थित असेल तर तो चोर नसतो, घरचा असतो, असे मला तेव्हाच वाटले. पण 'घरचा' म्हणताना माझ्या डोक्यात माझा ड्रायव्हर आला. त्याची मला आता लाज वाटते.

ड्रायव्हरचे नाव क्लिओफस मिम्स, वय ६१. तो बावीस वर्षे माझ्याकडे आहे. तरुणपणी चोरीच्या गाडीत सापडला म्हणून चौदा महिने तुरुंगात होता. ही गोष्ट मला त्याने कामाला लागण्याच्या दिवशी, मी न विचारता सांगितली होती. तो त्या सोमवारी साडेसहाला आला. आमचे बोलणे झाले ते असे.

"क्लिओ, शनिवारी शेवटचं कुलूप तू लावलंस ना?"

"हो, मिस लव्हॉन."

"किल्ली कुठंय?"

त्याने पट्ट्याला अडकवलेली किल्ली वर करून दाखवली. "इथंच. बावीस वर्षं इथंच आहे. विचारायचं ते सरळ विचारा."

"सरळच विचारतेय."

"नाही, आडून विचारताय. मला चोरायचंच असतं तर बॅटऱ्या नेल्या असत्या. तुमचं नाव नेऊन मी काय करू? गळ्यात घालून फिरू?"

दारावर नाव आणि नंबर नसेल तर डंपर रस्त्यावर काढता येत नाही, त्यामुळे दोन्ही डंपर उभे राहिले. क्लिओफसने दोन्ही डंपर धुतले. सांगितले नसताना धुतले, आणि मला दिसेल अशा बेताने धुतले.

मंगळवारी मी नव्या पाट्या करून घेतल्या. त्या आमच्या चर्चमधले ब्रदर हॅस्केल करतात. गावात आमच्या लोकांच्या पाट्या तेच करतात. नवी पाटी कोणी वेगळाच माणूस माझ्या नावाने करायला गेला असता तर ब्रदर हॅस्केल यांनी रंग कालवण्याआधी मला फोन केला असता. म्हणजे ज्याला माझ्या नावाची पाटी हवी होती त्याला ती चोरावीच लागणार होती. हे मला नव्या पाट्या गाडीत ठेवताना सुचले, आणि मग माझे हॅस्केल यांच्या बोलण्याकडे लक्ष राहिले नाही.

शुक्रवारी १९ तारखेला चर्चच्या तळघरात नेहमीप्रमाणे माशांचे जेवण होते. तिथे मदर टॉलिव्हर भेटल्या (चर्चमधल्या वडीलधाऱ्या बाईंना आम्ही मदर म्हणतो). त्यांचे वय ८४ आहे आणि त्या हॅमंड ओढ्याजवळ राहतात. त्या ओढ्यावर नवा पूल बांधायचे काम मे महिन्यापासून चालू आहे. त्यांनी मला सगळ्यांदेखत मिठी मारली.

"लव्हॉन, अगं लबाडे! एवढं मोठं काम मिळालं आणि म्हातारीला सांगितलं नाहीस?"

"कुठलं काम, मदर?"

"अगं पुलाचं! माझ्या खिडकीतून सगळं दिसतं. तुझ्या डॅडीचं नाव सकाळी सकाळी माझ्यासमोरून जातं. मी तर हात वर करून देवाचे आभार मानले."

"किती डंपर दिसले?"

"चार. एक लाल, तीन पांढरे. कधी घेतलेस गं?"

माझे डंपर दोन आहेत आणि दोन्ही हिरवे आहेत. मी म्हटले, "मदर, चष्मा बदललात का?"

"माझ्या चष्म्याला काही झालेलं नाही. तुझं तोंड का उतरलं? आधी मासा खा बघू."

मी मासा खाल्ला नाही. तो फॉइलमध्ये गुंडाळून घरी नेला आणि तसाच टाकून दिला.

पुलाबद्दल सांगायला हवे, नाहीतर पाटीसाठी इतका आटापिटा कशाला असे वाटेल. पूल ब्रॅनिगन-स्टोल ही मोठी कंपनी बांधते. पुलाला सरकारी पैसा आहे. असा पैसा असला की कामाचा ठरावीक हिस्सा आमच्यासारख्यांच्या छोट्या कंपन्यांना द्यावा लागतो. या पुलावर तो साडेअकरा टक्के आहे. आमच्यासारखे म्हणजे कोण, हे सार्जंटसाहेबांनी विचारले नाही, तरी सांगते. माझे वडील रॉस्को पेटीफर्ड यांच्याकडे १९६१ साली चांगला डंपर होता, पण सरकारी कामाच्या फाटकातून त्यांना आत घेत नसत, कारण ते काळे होते. खडी हवी असेल तेव्हा फाटकाबाहेर ओतून घेत आणि आत नेण्याचे काम दुसऱ्याला देत. पुढे पुष्कळ लोक भांडले, कायदे झाले, तेव्हा ही अट आली. अशा कंपन्यांची सरकारी यादी असते, तीत माझे नाव एकोणीस वर्षे आहे. दरवर्षी मी शपथेवर लिहून देते की कंपनी माझी आहे, मी ती स्वतः चालवते, आणि माझ्या नावावर दुसरा कोणी काम करत नाही.

या पुलावर खडी वाहण्यासाठी मी फेब्रुवारीत रीतसर दर भरला होता. ब्रॅनिगन-स्टोलकडून दोन ओळींचे पत्र आले की माझी क्षमता अपुरी आहे. ते पत्र मी सोबत आणले आहे. त्या कंपनीत छोट्या कंपन्यांशी बोलणी करण्यासाठी एक माणूस नेमलेला आहे. तो तुमच्या ओळखीचा आहे का, असे मला विचारण्यात आले. मी पाणी मागितले. पाणी प्याल्यावर पुढे सांगते.

सोमवारी २२ तारखेला मी माझ्या गाडीने पुलावर गेले. गालिच्यांच्या एका बंद दुकानासमोर गाडी लावून सकाळी सहा पन्नासपासून बसून राहिले. सात वाजून पाच मिनिटांनी चार डंपर कंपनीच्या ट्रेलरमधल्या कचेरीजवळ आले. मदर टॉलिव्हर यांचा चष्मा खरोखरच ठीक आहे. एक लाल होता, तीन पांढरे होते, आणि प्रत्येकावर माझी पाटी होती. पण एकाच दारावर. नंतर सरकारी तपासणीस जिथे उभा राहिला त्या बाजूच्या दारावर. पलीकडचे दार रिकामे होते. चार पाट्यांत दोन डंपर सजतात, पण एका बाजूने बघणारा माणूस असेल तर चार सजतात.

सात चाळीसला सरकारी तपासणीस आला, पांढरी टोपी, हातात पुठ्ठा. त्याने चारही दारांचे फोटो काढले, पुठ्ठ्यावर खुणा केल्या, कॉफी घेतली. तो एकदाही डंपरला वळसा घालून पलीकडे गेला नाही. त्याला ते सुचले नाही की सुचायला नको होते, हे मी सांगू शकत नाही. आठ वाजून पाच मिनिटांनी तो गेला. त्याची गाडी वळणाआड जाताच ड्रायव्हर खाली उतरले आणि त्यांनी पाट्या काढल्या. एकाने आपली पाटी उन्हासाठी काचेला आडवी लावली. एक जण आपल्या पाटीवर बसला.

मी रस्ता ओलांडून लाल डंपरजवळ गेले. ड्रायव्हर तिशीचा होता, मिशिगनकडचा. पाटी त्याच्या हातातच होती आणि तिच्या डाव्या कोपऱ्याला माझे जांभळे पॉलिश होते.

"ही पाटी कुणाची?" मी विचारले.

"कंपनीची."

"कुठल्या?"

त्याने पाटी फिरवून वाचली. "पेटीफर्ड अँड डॉटर."

"मग ती डॉटर कुठंय?"

"मला काय ठाऊक, मॅडम? असेल घरी बसलेली."

"कोण देतं तुम्हाला या?"

"कचेरीतला एक जण. सकाळी वाटतो, साडेआठला मोजून परत घेतो. माणूस भला आहे हं. सगळ्यांना डोनट आणतो. आणि बो टाय लावतो! चिखलात बो टाय! आम्ही त्याला हसतो, तोही हसतो."

मी त्याचे नाव विचारले नाही. का विचारले नाही, असे सार्जंटसाहेब म्हणतात. मला आठ वाजून पंचवीस मिनिटांनी तिथून निघायचे होते. साडेआठ वाजता तिथे कोण येते ते मला बघायचे नव्हते.

मंगळवारी २३ तारखेला मी छोट्या कंपन्यांची यादी ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत गेले. खिडकीवरच्या बाईंनी कागद काढून दाखवले. कागदांप्रमाणे मे महिन्यापासून पुलाचे वाहतुकीचे काम माझ्या कंपनीकडे आहे. मी स्वतःच्या माणसांकरवी व डंपरांनी काम केल्याचे मी दर महिन्याला लिहून दिले आहे. सप्टेंबरपासून त्यांनी फोटोही मागायला सुरुवात केली होती, म्हणून पाट्या लागल्या. प्रत्येक कागदाखाली माझी सही आहे.

सही बनावट आहे हे कशावरून, असे मला विचारण्यात आले. कशावरूनही नाही. ती हुबेहूब माझी आहे. घाईत असले म्हणजे माझी सही इतकी चांगली येतही नाही. माझी आई दोन पाळ्यांत काम करायची, त्यामुळे शाळेतून आलेल्या प्रगतिपुस्तकांवर तिच्या नावाची सही लहानपणी मी करत असे. माझ्याच नव्हे, घरातल्या दुसऱ्या प्रगतिपुस्तकावरही. त्यातले गुण चांगले नसत. टेबलाशी माझ्या शेजारी हनुवटी टेकून ही सही शिकणारा एक जण होता. 'हात उचलायचा नाही, थांबायचं नाही, आपलंच नाव आहे असं समजून लिहायचं,' असे मीच त्याला सांगितले होते. हे जबाबात घेऊ नये असे मी म्हटले होते, पण घेतले तरी चालेल.

खिडकीवरच्या बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही वकील गाठा. सही तुमची नाही हे तुम्हालाच दाखवावं लागेल. नाहीतर तुम्ही नाव भाड्यानं दिलं असंच धरतात."

"आणि मग?"

"यादीतून नाव जातं. कंपनी जाते. कधीकधी माणूसही आत जातो."

म्हणून मी इथे आले आहे. पाट्यांची किंमत फार नाही, त्यासाठी मी कोणाचा वेळ घेतला नसता. पण पाट्या चोरीला गेल्या असे तारखेसह कुठेतरी लिहिलेले असले पाहिजे. एकदा मी नाव भाड्याने दिले असे ठरले की ती अटच काढून टाकायला टपलेले लोक माझे नाव घेऊन भाषणे करतील, आणि पुढे ज्या मुलीला डंपर घ्यायचा असेल तिला फाटकाबाहेरच खडी ओतावी लागेल.

सार्जंटसाहेब म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. पण पाट्या चोरीला गेल्या की दिल्या होत्यात आणि आता अंगाशी आलं?"

राग मानू नका म्हणून राग जात नाही. पण प्रश्न बरोबर आहे. मीही तिथे बसले असते तर हाच विचारला असता. माझे उत्तर असे की दिल्या नव्हत्या.

फाटकाच्या किल्ल्या तीन आहेत. एक माझ्याजवळ, एक क्लिओफसजवळ, एक माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात. पाट्या जाण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी १४ तारखेला, माझ्याकडे जेवायला एक इसम होता. मी भट्टीतून कॉब्लर, म्हणजे फळांचे गोड पक्वान्न, काढत असताना सदर इसमाने तो खण उघडला. बाटलीचे टोपण काढायची चावी शोधतो, असे तो म्हणाला. आमच्याकडच्या बाटल्यांची टोपणे हाताने फिरवून निघतात. हे मला त्या वेळी खटकले नाही. त्यानंतर खटकले ते अजून खटकतेच आहे.

काल, रविवारी २८ तारखेला, सदर इसम पुन्हा जेवायला आला. मी नेहमीचाच स्वयंपाक केला होता. कोंबडी, कॉलर्डची भाजी, मक्याचा पाव, पीचचा कॉब्लर. सदर इसमाने जेवणापूर्वी बो टाय सोडून घडी करून खिशात ठेवला. तशी त्याची पद्धत आहे. त्याने रस्सा दोनदा घेतला.

"व्हॉनी, आज भाजीत मीठ नाही."

"सोमवारी मी पुलावर गेले होते," मी म्हटले.

त्याने काटा खाली ठेवला, पुन्हा उचलला. "सांगायचं तरी. तुझ्यासाठी डोनट ठेवला असता."

"हसू नकोस."

"हसत नाहीये मी. ऐक. ते काम तुला मिळणारच नव्हतं. दोन डंपरांत कुठं पूल होतो का? त्यांना कागदावर एक नाव हवं होतं. तुझं नुसतं पडून होतं."

"पडून नव्हतं. दारावर होतं."

"पण कुणाचं काय बिघडलं, सांग ना! पूल होतोय. सरकारचा टक्का भरतोय. पुढच्या कामात तुला खरोखर घ्यायला लावतो, माझ्यावर सोड."

"डंपर त्यांचे, माणसं त्यांची, आणि शपथ माझी?"

"डंपर आधीही त्यांचेच असायचे. आता निदान दारावर आपलं नाव असतं."

"आपलं?"

सदर इसम म्हणाला, "हो, आपलं. डॅडीनं दारावर मुलगी लिहिली. घरात मुलगा असताना. पाच वर्षांचा होतो मी, शिडी धरून उभा होतो. तुला त्यानं रंगानं लिहिलं. मला निदान चिकटवायला तरी मिळालं."

इथे सार्जंटसाहेबांनी टाइप करणे थांबवले आणि सदर इसमाचे माझ्याशी नाते काय, असे विचारले. मी सांगितले की तो दर रविवारी जेवायला येतो.

मी सदर इसमास म्हटले की, उद्या सकाळी आपण दोघे त्या कचेरीत जाऊ आणि तू स्वतःच्या तोंडाने सांग. तो म्हणाला, "आणि नंतर? वरच्या मजल्यावर आपल्यातला मी एकटा आहे, व्हॉनी. मला तिथं खुर्ची दिली ती याच कामासाठी. ब्रॅनिगन हात वर करेल, 'आम्हाला काही कल्पना नव्हती' म्हणेल. आत मी जाणार."

त्याचे हे म्हणणे खरे आहे असे मला वाटते. ब्रॅनिगन-स्टोलच्या कोणाचीही सही कुठल्याच कागदावर सापडणार नाही, असा माझा संशय आहे. सापडली तर मला आश्चर्य वाटेल. हे सार्जंटसाहेबांनी शब्दशः घ्यावे.

सदर इसम चार वाजता गेला. जाताना मी त्याला नेहमीप्रमाणे फॉइलमध्ये ताट बांधून दिले. का दिले, हे विचारू नये.

मी सदर इसमाचे नाव सांगण्यास नकार दिला. तेव्हा सार्जंटसाहेबांनी मला समजावून सांगितले की, कागदांचे प्रकरण मोठे असल्याने ते वर जाईल. चोरीचे मात्र त्यांच्याकडेच राहील, आणि चोर अज्ञात असेल तर ज्याच्याकडे किल्ली आहे आणि ज्याच्या नावावर जुना गुन्हा आहे त्याच्यापासून त्यांना सुरुवात करावी लागेल. त्यांनी टेबलावरचा फोन उचलला आणि माझ्या आवाराचा पत्ता विचारला. या वेळी क्लिओफस तिथे एकटाच असतो. त्याला आणायला गाडी पाठवली तर तो काही न बोलता गाडीत बसेल, हे मला माहीत आहे. कुठे बसायचे असते तेही त्याला माहीत आहे.

मी फोन खाली ठेवण्यास सांगितले. त्यांनी ठेवला.

मी म्हटले, "हा जबाब मला पहिल्यापासून वाचून दाखवा."

सार्जंटसाहेबांनी तो मला सावकाश वाचून दाखवला. मध्ये दोनदा थांबून पाणी दिले. जबाबात एक चूक आहे, ती मी दुरुस्त करून घेत आहे. सुरुवातीला 'कोणी अज्ञात इसमाने' असे जे शब्द आहेत ते खोडावेत. त्या जागी, तसेच 'सदर इसम' असे जिथे जिथे आले आहे तिथे, पुढील नाव वाचावे : लेम्युएल रॉस्को पेटीफर्ड, वय ५३, नोकरी ब्रॅनिगन-स्टोल कंपनीत. माझा धाकटा सख्खा भाऊ. क्लिओफस मिम्स याच्याविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही, कधीही नव्हती.

भावाचा पत्ता विचारला, तो वेगळ्या कागदावर लिहून दिला आहे. रोज सकाळी सात ते साडेआठ तो पुलावर असतो, पण तिथे चारचौघांत धरू नये. रविवारी तो माझ्या घरी सापडेल. जेवण दोन वाजता असते. त्याचे ताट होईपर्यंत बाहेर थांबता आले तर थांबावे, एवढी माझी विनंती आहे, ती सार्जंटसाहेबांनी नोंदवली पण मान्य केलेली नाही.

बाकी जे लिहिले आहे ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे व खरे आहे. खालची सही माझी स्वतःची आहे. ती करताना सार्जंट ग्राबोव्स्की यांनी माझ्या हाताकडे पाहावे असे मी सांगितले आणि त्यांनी पाहिले आहे.

लव्हॉन पेटीफर्ड